जाड बाजू मागे

राऊत काकांची जीप चाळीसच्या पुढे गेली की थरथरायची. सकाळी नुसत्या तळपायाला मुंग्या येत होत्या. दुपारी आम्ही दुरुस्ती करून बाहेर काढली, तर आरशात मागचा रस्ता दिसेना, इतकी हलायला लागली.

"हे बरं केलंत," काका स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाले. "आता दात घासायला हात हलवायला नको. ब्रश नुसता तोंडात धरायचा."

मी शेजारी बसलो होतो. मला हसू आलं नाही. काकांची झाईला चिकूची वाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी, सून आणि नातवंडं घेऊन ते याच गाडीतून डहाणूच्या महालक्ष्मीच्या जत्रेला निघणार होते. म्हणजे बराचसा रस्ता हायवेने. माझं लक्ष खालून येणाऱ्या आवाजाकडे होतं. टक, टक, टक. वेग वाढला की टकटकही वाढायची.

"काका, गाडी वळवा," मी म्हणालो.

मी लातूरकडचा. नववीत शाळा सुटली. वापीच्या एका गॅरेजातून काढल्यावर हायवेला उभा होतो, पुढे कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. तेव्हा तलासरीच्या रमणभाईंनी हातात पाना दिला आणि झोपायला गॅरेजचा माळा. त्यांच्या पत्नी कोकिळाबेन घरून दोन्ही वेळचं जेवण पाठवायच्या. रमणभाई जन्मभर ट्रकच दुरुस्त करत आलेले. जीएसटी आल्यावर सीमेवरच्या अच्छाडच्या तपासणी नाक्यावर ट्रक पूर्वीसारखे थांबेनात, काम रोडावलं, म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही जीपसुद्धा घ्यायला लागलो होतो.

काकांची जीप जुनी, पण इंजिन खणखणीत. वाडीच्या वाटेवर नाल्यातले दगड पोटाला घासायचे, म्हणून त्यांनी ती उचलून घेतली. उचलणं म्हणजे काय, तर पाट्यांना, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्यांना, लोहाराकडून जादा बाक देऊन घ्यायचा. बाक वाढला की गाडीचं अंग चार बोटं वर जातं. दोन चाकं जोडणारा एक्सल मात्र चाकांबरोबर खालीच राहतो.

इथंच खरी भानगड होते. गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, त्याला आम्ही क्रॉस म्हणतो. क्रॉसमुळे दांडा तिरका असला तरी फिरू शकतो. पण तिरका फिरणारा क्रॉस एका फेरीत कधी घाई करतो, कधी रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढाच तिरका असेल तर तो हे भरून काढतो आणि आत बसलेल्या माणसाला काही कळत नाही. दोघांचा तिरकेपणा वेगळा झाला की गाडी थरथरते. लोहाराने बाक देताना पाटे मधे सपाट ठेवले नव्हते. त्यामुळे एक्सलचं नाक, म्हणजे जिथं शाफ्ट जोडतात ती बाजू, खाली झुकली होती.

यावर उपाय सोपा. एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालायची, म्हणजे नाक वर येतं. सकाळी रमणभाईंनी तसं सांगितल्यावर काका खुर्चीतून उठलेच होते.

"पाचर? माझ्या गाडीला पाचर मारणार? आमच्या सोसायटीत माणसं एकमेकांच्या कामात पाचर मारतात, तेवढी पुरे नाही का?"

"काका, दुश्मन फाचर मारे तर काम अडे," रमणभाई हसले. "कारीगर मारे तर काम बसे."

मग त्यांनी मला आवाज दिला. "ए लातूर! जाडी बाजू पाछळ. विसरू नको."

जाड बाजू मागे. हा त्यांचा पाठ होता. ट्रकला पाचर घालायची तर जाड बाजू मागे, यात कधी चूक झाली नव्हती. मी तशाच घातल्या, त्यांनी हात लावून बघितल्या, पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट कसले. आणि आता गाडी आधीपेक्षा वाईट हलत होती.

परत आल्यावर रमणभाईंनी ऐकून घेतलं आणि हात झटकले. "क्रॉस नवा टाकलाय. थोडा चालला की सेट होईल. काका, घेऊन जा तुम्ही."

काका खिशात किल्ली चाचपायला लागले. काहीतरी पडलंय असं दाखवून मी गोणपाट घेतलं आणि गाडीखाली शिरलो.

एक्सलचं नाक सरळ जमिनीकडे बघत होतं.

मी तसाच उताणा पडून राहिलो. मान वळवली की शेजारच्या ट्रकचं पोटही दिसत होतं. ट्रकचे पाटे एक्सलच्या डोक्यावर बसलेले. मग परत वर बघितलं. जीपचे पाटे एक्सलच्या पोटाखालून गेलेले. पाचर डोक्यावर असली तर तिची जाड बाजू एक्सलचा मागचा भाग खाली दाबते आणि नाक वर येतं. तीच पाचर पोटाखाली घातली तर मागचा भाग वर उचलला जातो आणि नाक आणखी खाली जातं. ट्रकचा नियम आम्ही जीपला लावला होता.

कळलं, पण सांगायचं कसं? माझ्या आधीच्या मिस्त्रीने गिऱ्हाइकासमोर रमणभाईंना उलट उत्तर दिलं होतं. त्याच संध्याकाळी त्याची पत्र्याची पेटी रस्त्यावर आली होती. माझ्याकडे तर पेटीही नव्हती. आणि ज्यांनी मला ठेवून घेतलं, त्यांना चारचौघांत खाली बघायला लावायचं, हेही मनाला पटत नव्हतं. तेवढ्यात वर दरवाजा उघडल्याचा आवाज आला. काका गाडीत बसत होते.

"रमणभाई!" मी खालूनच ओरडलो. "जरा खाली या ना. मला एक समजत नाही."

"शू समजत नाही?"

"या गाडीचा एक्सल पाट्याच्या वर आहे का खाली?"

मग त्यांचे गुडघे दिसले, मग पोट, मग कुरकुरत ते माझ्या शेजारी आडवे झाले. त्यांनी पाटा बोटाने चाचपला. शेजारच्या ट्रककडे मान वळवली.

"अल्या," ते अगदी हळू म्हणाले. "ही तर ऊंधी छे."

मग बाहेर सरकून, अंग झटकत मोठ्याने म्हणाले, "काका, उतरा. या लातूरने पाचर उलटी घातली."

काका माझ्यावर उखडले. "डोळे कुठं ठेवले होतेस? उद्या माझी नातवंडं बसणार होती यात!"

"चुकलं, काका," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आता आपण रस्त्यावर येणार नाही, एवढं कळलं होतं.

पाचरी फिरवायला गाडी सांगाड्याला जॅक लावून उचलली. मागची चाकं लोंबकळली, एक्सल आणखी खाली गेला, आणि खालून खण्णकन आवाज झाला. शाफ्टचं पुढचं टोक निसटून जमिनीवर पडलं होतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा दुसऱ्यात खाचांवर सरकतो, म्हणजे चाक वरखाली झालं तरी लांबी जुळते. पाट्यांना बाक दिल्यावर अंतर वाढलं होतं आणि आतला तुकडा जेमतेम टोकावर अडकून राहिला होता. हे मलाही दिसलं नव्हतं. मी आपला पाचरीच्याच नादात होतो.

रमणभाईंनी ते टोक उचलून काकांना दाखवलं. "हायवेला खड्ड्यात चाक लटकलं असतं, तर हा असा सुटला असता. टोक रस्त्यात रुतलं, की मागून गाडी उलथते."

काका बाकावर बसले आणि पाणी मागितलं.

"गाडी इथंच राहील," रमणभाई म्हणाले. "जत्रेला माझी व्हॅन न्या."

काकांनी व्हॅन नेली. शाफ्ट आम्ही डहाणू रोडला लेथवर देऊन लांब करून आणला. पाचरींची जाड बाजू पुढे आली. ट्रायलला मी मुद्दाम साठपर्यंत नेली. तळपायाला काहीच जाणवलं नाही, तरी मी उतरून दोनदा खाली बघितलं.

पाचर कोणाच्या सांगण्यावरून तशी बसली होती, हे रमणभाईंनी काकांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही नाही. पण जीपचे यू-बोल्ट परत कसायची वेळ आली, तेव्हा ते खाली आडवे झाले, पाना नटावर ठेवला आणि थांबले.

"बोल," ते म्हणाले. "कसू?"

मी पुन्हा एकदा पाटा बघितला, एक्सल बघितला. "कसा," म्हणालो.

आता कोणी गाडी उचलून आणली की मी आधी सांगाड्याला जॅक लावून चाकं लोंबकळू देतो आणि शाफ्ट आत किती उरलाय ते बघतो. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी उभी छान दिसते की! उभी सगळ्यांचीच छान दिसते.