पऱ्हाटीची निळी आच

प्रयोगशाळेत निष्कर्ष निघायला वेळ लागतो, किस्से मात्र आपोआप साचतात. आमच्या जळगावच्या लॅबमध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडं, आणि केळीचे खांब यांच्यापासून चुलीचा गॅस करायचं काम चालतं. हा गॅस जिवाणू करतात, पण लाकूड त्यांना सहज पचत नाही, म्हणून आधी ते एका निरुपद्रवी द्रावणात शिजवून सैल करायचं. ऐकायला साधं आहे.

*

ते द्रावण म्हणजे मुळात दोन कोरड्या पांढऱ्या पावडरी. पिंप्राळ्याची खुशबू तेव्हा नवीन होती. एप्रिलातल्या दुपारी तिने दोन्ही एका बाटलीत भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि जेवायला गेली. परत आली तर बाटलीत काहीतरी डुचमळत होतं.

"यात पाणी कोणी ओतलं?"

"कोणीच नाही," लॅबचे प्रमुख, आमचे सर म्हणाले. "त्या दोघी भेटल्या की वितळून पाणी होतात."

त्या दिवशी खुशबूने त्या बाटलीकडे एकदाही पाठ केली नाही.

*

नशिराबादचे नाना लॅबचं सामानसुमान बघतात. पऱ्हाटीचा भुसा पहिल्यांदा शिजला तेव्हा ओव्हन त्यांनीच उघडला. आत गडद लाल, जवळजवळ काळं द्रावण. लाकडाला बांधून ठेवणारा चिकट भाग त्यात उतरतो, म्हणून तो रंग. सरांनी सगळं समजावलं, नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समजलं," ते म्हणाले. "पण सर, हे झाडच होतं ना?"

*

एका शनिवारी रावेरकडून केळीचे खांब आले. सपाट तुकडे कापून टेबलावर मांडले आणि लॅबला कुलूप लावलं. सोमवारी उघडलं, तर प्रत्येक तुकड्याचा गाभा बोटभर बाहेर आलेला. सगळ्यांचा.

"कापल्यावरही गाभा काही काळ वाढत राहतो," सर म्हणाले.

खुशबू जैन घरातली. तिने सुरी खाली ठेवली. "मग सर, यात अजून जीव आहे. मी नाही कापणार."

सरांनी स्वतःच सुरी उचलली. पहिला काप घेण्याआधी त्यांनी हळूच "सॉरी" म्हटलं, ते खुशबूने आणि मी ऐकलं.

*

गॅस किती होतो हे बघायला भुसा आणि जिवाणू भरलेल्या बाटल्यांच्या तोंडाला फुगे लावतो. तुलनेसाठी एका बाटलीत नुसतं पाणी. एकदा बाकीचे फुगे लोंबत राहिले आणि पाण्याचाच टम्म फुगला. बाटली घासली, उकळली, नवं पाणी भरलं. पुन्हा तोच फुगला.

"हिला आपण काय खाऊ घालतोय?" खुशबूने विचारलं.



*

आमचा गॅस पहिल्यांदा घरात पेटला तो सोनगीरच्या अक्कांकडे. चुलीच्या धुराने त्यांचे डोळे अधू झालेले. अंगणात टाकी, भिंतीतून आत नळी, ओट्यावर शेगडी. पुढे गावातला प्रकल्प बंद झाला आणि सगळं काढून आणायला आम्हालाच जावं लागलं.

"म्हंजे आते परत धूरच शे?" अक्कांनी त्यांच्या अहिराणीत एवढंच विचारलं. सरांना त्यांच्याकडे बघवेना.

टाकी तर आधीच रिकामी होती. नानांनी नळी सोडवली, ओढून बाहेर घेतली आणि गुंडाळून खांद्यावर टाकली. मी शेगडी उचलायला आत गेले.

शेगडीवर चहाचं पातेलं होतं. खाली निळी आच, एकसारखी जळत होती.

मी सरांना हाक मारली. ते आले, खाली वाकले, शेगडीच्या मागून हात फिरवला. नळी जोडायचं तोंड उघडं होतं, त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. भिंतीतल्या भोकातून बाहेर उभे असलेले नाना दिसत होते, खांद्यावर नळी घेतलेले.

"अक्का," सर म्हणाले, "गॅस तर आम्ही बंद केलाय."

अक्का गाळणी शोधत होत्या.

"तुम्हीन बंद कया भाऊ," त्या म्हणाल्या, "पन तेले कोनी सांगं नही."

चहा वर यायला लागला. आच कमी करायला आमच्यापैकी कोणाचा हात पुढे झाला नाही. शेवटी अक्कांनीच ती कमी केली. शेगडी आम्ही तिथेच ठेवून आलो.