चार बोटांची चूक

अन्याय झाला तो हिराबाय कोळणीवर. १९८६च्या श्रावण अमावास्येला, दुपारी एकला दहा मिनिटं कमी असताना, मुलुंड पूर्वेच्या खाडीकाठी तिच्या चुलीत पाणी शिरलं. आणि त्याच्या सहा महिने आधी, एका मंगळवारी, बांधाच्या कचेरीत अन्याय झाला कुमुद सामंत या गणिताच्या प्राध्यापिकेवर. हे पाणी कधी येणार, किती येणार, ते बाईंनी तेव्हाच लिहून दिलं होतं. साहेबांनी कागदाची घडीसुद्धा उलगडली नाही. "बाई, तुम्ही मुलांना शिकवा. बांध आम्ही बांधतो." सहा आठवड्यांपूर्वी बाई गेल्या. मी छापखान्यात पत्रकाची प्रुफं बघत होतो, त्यांच्या भावाचा फोन आला... शाईच्या हातांनीच नाहूरला त्यांच्या घरी गेलो. पुरवणीचे संपादक म्हणाले, हळवं काही लिहा. मला हळवं येत नाही. बाईंनाही ते चाललं नसतं.

रस्त्यासाठी खाडीत मातीचा बांध घालायचं ठरलं, तेव्हा त्याची उंची ठरवायला मोजणीवाले आले आठ दिवस. तेही नेमके अष्टमीच्या आसपास. तेव्हा भांग असतो. भरती कमी, ओढ कमी, होडी हलत नाही, पट्टी सरळ उभी राहते. हिराबाय काठावरून ओरडली, "अरे साहेबा, भांगाचं पानी मोजून चाललास, उधानाला कोन येनार, तुजा बापूस?" साहेब हसले, आणि त्या आठ दिवसांवरच उंची ठरली. मी पत्रक काढलं, सह्यांसाठी कॉलेजात गेलो. बाकीच्या प्राध्यापकांना अचानक तास आठवले. सामंत बाईंनी मात्र पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि 'वस्तीत पुरुषभर पाणी भरेल' या ओळीवर बोट ठेवलं. "मेल्या, पुरुषभर म्हणजे किती? तुझ्याएवढं की माझ्याएवढं?" बाई जेमतेम पाच फूट. प्रत्येक प्रतीवरची ती ओळ त्यांनी मला हातानं खोडायला लावली. "आकडा नसेल तर तू पण भांगाचंच पाणी मोजतोस." मी चरफडलो. पण पुढच्या रविवारी साडी खोचून चिखलात उभ्या राहिल्या त्या बाईच.

बाईंचं म्हणणं असं, की भरती ही एक लाट नसतेच. चंद्राची एक, सूर्याची एक, चंद्र जवळ येतो लांब जातो त्याची आणखी एक, अशा कितीतरी लाटांची ती बेरीज. प्रत्येकीचा फेरा किती तासांचा ते आकाश ठरवतं. पण इथे ती किती चढणार, किती उशिरा पोचणार ते ही खाडी ठरवते. मग खाडीला विचारायला नको? हिराबायच्या होडी बांधायच्या खांबावर फूट-इंच रंगवले आणि महिनाभर, दर तासाला, पाळ्या लावून पाणी वाचलं. वाचणाऱ्यानं वहीत सही करायची, नाहीतर अंगठा. मग बाई घरी कोष्टकं घेऊन बसल्या. एकही वाचन पुरतं खरं नसतं, पण सगळ्यांची मिळून चूक कमीत कमी होईल असं एकच उत्तर निघतं, म्हणायच्या. दोन महिने ते उत्तर काढत होत्या. उत्तर ऐकून हिराबायनं कपाळाला हात लावला. "एवढं कागद काळं करून सांगितलंस काय, तर अवसेला पानी चडतंय! ते माजी आजी पन सांगायची." बाई खो खो हसल्या. "आजीनं दिवस सांगितला गं, मी उंची सांगते. साहेबाला उंची लागते."

अमावास्येला पाणी बांधावरून आत आलं. बांधाखालच्या अरुंद मोऱ्यांतून ते परत जाईना. दोन दिवस तुंबलं. जाळी, सुकट, तांदूळ... मी धावत खांबाशी गेलो, तर बाई वही वर धरून पाण्यात उभ्या. "बाई, घरं बुडतायत!" "दिसतंय मला. आकडा वाच, सही कर, मग डबे उचलायला चल." गणितापेक्षा पाणी थोडं जास्तच चढलं होतं. हिराबायनं खांबाला बोटं लावली. "बाई, चार बोटं चुकलीस." बाईंनी तिच्यासमोर लाल शाईनं लिहिलं : माझी चूक, चार बोटं. वारा धरला नव्हता.

आणि हेच वाक्य पुढच्या बैठकीत साहेबांनी वाचून दाखवलं! "गणित चुकलं असं बाईच लिहितात." मी ओरडत उठलो, बाईंनी शर्ट धरून खाली बसवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "माझी चूक चार बोटं, साहेब. ती मी लिहिली. तुमच्या कागदावरच्या सगळ्यांत मोठ्या भरतीपेक्षा पाणी अडीच फूट वर आलं. ती चूक तुम्ही कुठे लिहिलीत?" कुठेच नाही. आजपर्यंत नाही.

आता त्याच उंचीचा दुसरा बांध येतोय, हिराबायच्या घराच्या दुसऱ्या अंगाला. कचेरी म्हणते, वहीत अंगठे वस्तीवाल्यांचे आणि सह्या तुमच्याच, बाहेरचा साक्षीदार कुठाय? वही माझ्याकडे आहे. बाईंनी त्या अमावास्येनंतर तिच्यात 'वारा' हा नवा रकाना आखला होता. येत्या अमावास्येपर्यंतच्या ओळीही पट्टीनं आखून ठेवल्यात, आणि त्या दिवसाचा अंदाज लिहून वर कागदाची चिकटपट्टी डकवलीय. त्यांचा नेहमीचा नियम : आधी अंदाज बघायचा नाही, वाचणाऱ्याचा डोळा लबाड होतो.

मी पट्टी काढलेली नाही. वस्तीतलं कुणी काढणारही नाही. ती तुम्ही काढायची आहे. येत्या अमावास्येला दुपारी बाराच्या आत मुलुंड पूर्वेला उतरा, मिठागरांच्या कडेनं खाडीवर या. हिराबायचं घर कुणीही दाखवेल. फुलं आणू नका, पेन आणा. खांब स्वतः वाचा, आकडा लिहा, खाली नाव-पत्ता घालून सही करा. मग पट्टी काढा. बाई चुकल्या असतील तर किती बोटं, तेही लिहा.