सोनियाच्या हातांचा वेग

आमच्या शेजारच्या पारूबाईला एकच लेक, सुयश. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. लहानपणीच तो शहरातल्या कर्णबधिरांच्या शाळेत, वसतिगृहात गेला. तिथं हातांची भाषा शिकला. सुट्टीला घरी करमाडला आला की मायलेकांचं भागायचं ते जेवण, पाणी, झोप, ताप असल्या घरगुती खुणांवर. पारूबाई म्हणायची, "पोरगं गुणी हाय, काही मागत नाय." मागायचं तर कशानं, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मागच्या वर्षी सुयशचं लग्न झालं. सून सोनिया गंगापूरची, त्याच शाळेतली, तिलाही ऐकू येत नाही. दोघं अंगणात बसून हातांनी बोलायला लागली की पारूबाईचं भाकरी थापणं थांबायचं. एकदा मला म्हणाली, "माझं पोरगं एवढं बोलकं हाय? मला माहीतच नव्हतं बाई. घरात बसून मी परक्यावानी बघतीय."

आणि तिनं शिकायला घेतलं. सुयश शेंद्र्याला कंपनीत आहे. त्यानं तिच्या मोबाइलवर खुणांचे व्हिडिओ लावून दिले. खूण बरोबर ओळखली की हिरवी टिक. पारूबाईला त्या टिकांचं लई कौतुक. एकादशीच्या भजनात टाळ मांडीवर ठेवून दाखवायची, "आज भाज्या संपल्या. उद्यापासून नातीगोती."

मी म्हटलं, "मग पास झालीस म्हण की!"

"व्हय," म्हणाली, अन् जरा थांबून, "पण ती दोघं बोलत्यात ते कळत नाय. नुसतं भेंडी-वांगी कोण बोलतं गं?"

मग तिनं दुसरं माप धरलं. सुयशशी बोलताना सोनियाचे हात भरभर चालायचे. सासूशी बोलताना मात्र लेकराला घास भरवावा तसे सावकाश. पारूबाई त्या सावकाशीवरच नजर ठेवून बसली. "माझ्यासाठी थांबायचं ती सोडंल, तवा मला आलं म्हणायचं."

श्रावणात एक दिवस आम्ही तिघी डाळ निवडत होतो. सोनिया शाळेतल्या कुण्या बाईंची नक्कल करून दाखवत होती. रंगात आली, अन् सावकाश बोलायचं विसरून गेली. पारूबाई हसली, हसायच्या जागी हसली. मग एकदम माझं मनगट धरलं. "विसरली! बघितलं का, थांबायचं विसरली!" उठून देवापुढं साखर ठेवून आली.

तरी एक अडचण होतीच. पारूबाईचे थोरले दीर नानासाहेब. तिचे मालक गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. दारात त्यांचं खाकरणं ऐकू आलं की पारूबाई पदर कपाळापर्यंत ओढायची आणि हनुवटीशी एका हातानं धरून उभी राहायची. उरायचा एकच हात. एका हाताचं बोलणं सोनियाला समजायचं नाही. चहा ठेवून ती आत निघून जायची.

सोनियाला दिवस गेले. सातवा लागला तसे नानासाहेब आले. मी चाळणी मागायला गेले होते, तिथंच होते.

"पारू, सूनबाईला माहेरी धाडायचं बघ. अन् लेकरू बोलायला लागंपर्यंत तिकडंच राहू दे."

"एवढे दिवस, दादा?"

"मंग? लेकरू रडलं तर या दोघांना कळायचं कसं? तिकडं तिची माय हाय, बहिणी हायत. माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

सोनिया दारात उभी. आपल्याबद्दलच चाललंय एवढं तिला दिसत होतं. कधी सासूच्या तोंडाकडं बघायची, कधी नानासाहेबांच्या. काय म्हणून तिनं सासूला विचारलं. पारूबाई एका हातानं सांगायला लागली. सोनियानं मान हलवली, कळत नाही.

नानासाहेब उठायला लागले. "ठरलं तर मंग."

"दादा, तिला विचारू तरी," पारूबाई म्हणाली, आणि पदर सोडला.

दिरासमोर तिचं उघडं डोकं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. पदर खांद्यावर घसरला, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. दोन्ही हातांनी सांगत होती. सोनियाचा चेहरा लाल झाला. तिनं उत्तर दिलं ते इतकं भरभर, की मला नुसती बांगड्यांची खळखळ ऐकू आली. पारूबाईनं एकदाही तिला थांबवलं नाही.

"ती म्हणती, बाळंतपणाला जाईन, रीत हाय. पण सव्वा महिन्यानं लेकरू घेऊन घरी येणार. रडलं तर आईला, म्हंजी मला, ऐकू येतं की. आई हाताचं बी शिकवंल अन् तोंडाचं बी."

नानासाहेबांनी डोळे बारीक केले. "हे ती म्हणती, का तूच मनचं घालतीस?"

"अजून हाय. ती म्हणती, दादांनी कितीबी आवाज चढवला तरी मला काय तरास नाय."

सोनियानं तेवढ्यात त्यांच्या ओरडण्याची नक्कलच केली. हात नाचवला, मिशी पिळली. नानासाहेब खो खो हसले. "हे मात्र तिचंच," म्हणाले. "बरं, सव्वा महिना. जास्त दिवस झाले तर मीच आणायला जाईन."

ते गेले तसा पारूबाईचा हात डोक्याकडं गेला. सोनियानं तो धरला. स्वतःच सासूच्या डोक्यावर पदर घातला, टोक फिरवून कमरेला घट्ट खोचलं, आणि मोकळे झालेले दोन्ही हात हातात घेऊन दाबले.

मग दोघी बोलायला लागल्या. "काय म्हणती गं?" मी दोनदा विचारलं. पारूबाईला माझ्याकडं बघायलाही सवड नव्हती. चाळणी मीच फळीवरून काढून घेतली आणि घरी आले.