नदीच्या मधोमध

समस्त आप्तेष्टांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेली तीस वर्षे मी एका सज्जन गृहस्थाला भर वैनगंगेत सोडून वाहवा मिळवत आलो आहे.

गृहस्थ म्हणजे माझे काका. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यासमोर हुंकार देणारं माणूस लागतं; वाक्यागणिक ते ‘हौ’ म्हणतं, तेव्हा गोष्ट पुढे सरकते. माझ्या गोष्टीला हा हुंकार कायम आत्याचा, काकांच्या धाकट्या बहिणीचा.

गोष्ट राखीच्या दिवसाची. श्रावणातलं पिवळसर गढूळ पाणी, काठाला कुजत्या पाल्याचा वास, पुरामुळे बंद पडलेला डोंगा, म्हणजे पलीकडे नेणारी एकुलती नाव; पलीकडे ओवाळणीचं ताट घेऊन उभी असलेली नवी सासुरवाशीण आत्या आणि अलीकडून पाण्यात उतरलेले तरणे काका. ‘मोठाले हात मारत काका नदी ओलांडत होते...’ एवढं म्हणून मी नाटकी थांबायचो, पान तोंडात टाकायचो आणि पुढचं सांगायचोच नाही.

ऐकणाऱ्यांची मोठी गंमत असते. काका संध्याकाळी ओट्यावर गुणगुणत बसायचे असं सांगावं, तर ते गुणगुणणं कुठवर पोचलं हे कुणी विचारत नाही. ते कुठेही थांबलं तरी पूर्णच. पण नदी ओलांडत होते म्हटलं, की प्रत्येकाच्या मनात पलीकडचा काठ आपोआप उगवतो. ‘फिर तो पहुँचेच असतील काकाजी!’ पोरं ओरडायची. आत्या म्हणायची, ‘हौ.’ काका खाली मान घालून चष्मा पुसत राहायचे.

काका पोचले नव्हते. मधोमध त्यांचा धीर सुटला आणि ते मागे फिरले. हे त्यांनी मला एकदाच, फार हळू आवाजात सांगितलं होतं. आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती. ताट घेऊन तीच तर उभी होती. त्या राखीचा विषय भावाबहिणीत पुन्हा कधी निघाला नाही.

कार्तिकात काका गेले. तेरवीच्या दुपारी अंगणात उबदार ऊन होतं, नव्या धानाचा गोडसर वास भरून राहिला होता, आणि कुणीतरी म्हणालं, ‘भाऊ, काकाजीची ते नदीवाली गोष्ट सांगा ना.’

मी सांगितली. तेच पाणी, तेच ताट, तेच मोठाले हात. नेहमीच्या जागी थांबलो आणि हुंकाराची वाट पाहू लागलो. तो आला नाही. अर्ध्यावर थांबून मी काकांची लाज राखतो, असा माझा इतकी वर्षं समज होता. त्या शांततेत प्रथमच जाणवलं, की त्यांना त्या थंडगार पाण्यात उभं मीच ठेवलं आहे, आणि पलीकडे कुणीतरी अजून ताट घेऊन ताटकळत आहे.

आत्याने पदर डोळ्यांवरून काढला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, ‘आता तरी त्याले माह्या काठाले लाव ना रे बाप्पा!’