विलायती आईचा पहिला नंबर

केरबाला गावात इटलीवाला म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. लढाई संपून चार वर्षं होत आली तरी हा माणूस बोलायला बसला की तिथेच जायचा. आफ्रिकेच्या वाळूत कसे पकडले गेलो, आगबोटीत कोंबून इटलीला कसं नेलं, मग इटलीने हत्यारं टाकली तशी एके सकाळी कैद्यांच्या छावणीचं फाटक उघडं टाकून पहारेकरीच कसे पळाले, इथपर्यंत लोक ऐकून घेत. पुढे तो सांगे की डोंगरातल्या एका म्हातारीने मला आणि कृष्णाताला गोठ्यात लपवलं, आपल्या तोंडचा घास काढून दिला. इथे आलं की पारावरचे एकमेकांना डोळे मारू लागत. गोऱ्या बाईने काळ्या शिपायाला जेवू घातलं, हे कुणाच्या गळी उतरायचं? थापा माराव्यात माणसाने, पण पचतील अशा माराव्यात, असं त्यांच्यातला बिराप्पा तर तोंडावर म्हणायचा.

केरबा चिडत नसे. पारावरच्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचं खरं मानायला हवं होतं ते एकाच माणसाने, आणि नेमकं तेच माणूस मानत नव्हतं. ती म्हणजे साळूबाई, कृष्णाताची आई.

कृष्णात त्या गोठ्यात मेला. पौषाच्या थंडीत छाती भरली, आठ दिवस तापाने फणफणला आणि केरबाच्या मांडीवर गेला. जाळायची सोय नव्हती. धूर दिसला असता तर खालच्या गावातले जर्मन वर चढून आले असते. म्हातारीने आणि केरबाने मिळून बर्फ उकरला, खड्डा घेतला आणि मागच्या झाडाखाली त्याला पुरला. म्हातारीने अंगावरची शाल काढून त्याच्यावर घातली. गावी पोचल्या दिवशीच केरबाने हे सगळं साळूबाईला सांगितलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "माझ्या पोराला अग्नी दिला न्हाई म्हणतोस?"

नाही, असं तो म्हणाला.

"मग त्यो मेलाच न्हाई," ती म्हणाली आणि उठून भाकरी थापायला बसली.

सरकारचा कागद आला होता. त्यात बेपत्ता लिहिलं होतं आणि मयत समजावं असंही लिहिलं होतं. साळूबाईचं म्हणणं, सरकारला तरी कुठं खात्री हाय? त्यामुळे कृष्णाताचे दिवस झाले नाहीत, कुणी डोकं भादरलं नाही, आणि त्याची बायको अंजना कुंकू लावून वावरत राहिली. पंचविशीची बाई. केरबाचं सांगणं तिला पहिल्याच दिवशी पटलं होतं. एकदा उसाच्या बांधावर तिने त्याला थांबवून तेवढं बोलून घेतलं. "आत्ती मानत न्हाईत तवर मला रडाय येत न्हाई, भावजी. डोळ्याला पदर लावला की अंगावर येत्यात. जित्या माणसाच्या नावानं रडतीस व्हय, म्हणत्यात."

त्या दिवसापासून केरबाच्या जिवाला घोर लागला. कृष्णातासाठी करण्यासारखं आता एकच उरलं होतं: त्याच्या बायकोला रडायची मोकळीक मिळवून देणं. साळूबाईपुढे त्याने चार वर्षं डोकं फोडलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

अशात एकोणपन्नास सालच्या फाल्गुनात आष्ट्याला लालासाहेबाचा तंबूतला फिरता सिनेमा आला. लालासाहेब दरवर्षी मुंबईहून तलवारीचे, घोड्यांचे सिनेमे आणायचा. या खेपेला त्यांच्याबरोबर एक परदेशी सिनेमा मुंबईवाल्यांनी त्याच्या गळ्यात मारला होता. तिकडच्या कुठल्याशा मोठ्या मेळाव्यात त्याला बक्षीस मिळालेलं, एवढंच त्याला सांगण्यात आलं. मूळ नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने फळ्यावर स्वतःच रंगवून घेतलं: 'विलायती आई. सगळ्या जगात पहिला नंबर.'

आमच्याकडे नंबर येतो तो कुस्तीत, नाहीतर बैलांच्या प्रदर्शनात. ज्याचा जगात पहिला आला त्यात मारामारी तशीच जबर असणार, या हिशेबाने पहिल्या दिवशी तंबू भरला. बाजाराला आलेला केरबाही आत जाऊन बसला.

पडद्यावर एक म्हातारी लाकडं फोडत होती. बराच वेळ फोडत होती. मग तिने शेळी आत घेतली, चूल पेटवली आणि खिडकीपाशी बसली. लोकांनी थोडा धीर धरला. मग एकाने ओरडून विचारलं, शिनेमा कवा सुरू व्हायचा. दुसरा म्हणाला, आज्जीला एक घोडा तरी द्या रं. शेंगांची टरफलं पडद्याकडे उडू लागली, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि घटकाभराने माणसं उठून, ज्याने नंबर दिला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाहेर पडली.

केरबा मात्र जागचा हलला नाही. म्हातारी शेळीला पहिलं वाक्य बोलली आणि ते त्याला कळलं. थंडी आहे, आत हो, असं ती म्हणाली होती. गोठ्यातली आणि चुलीपुढची सगळी भाषा त्याला येत होती. पुढे त्या म्हातारीच्या दारात दूर देशाचा एक पळालेला शिपाई येतो, ती त्याला लपवते, तो आजारी पडतो आणि मरतो. ती एकटी खड्डा खणते, शाल घालते, माती लोटते. शेवटी दारात बसून ती लढाईवर गेलेल्या आपल्या स्वतःच्या मुलाची वाट बघते आणि लांबून टपालवाला येताना दिसतो. तिथेच सिनेमा संपतो. ही आपली म्हातारी नव्हे, हे केरबाला कळत होतं. त्या डोंगरात अशा शंभर म्हाताऱ्या होत्या. सिनेमावाल्याने त्यातली कुठली तरी बघितली असणार. पण तेच डोंगर, तीच शाल, तीच माती. रिकाम्या होत चाललेल्या तंबूत केरबा ढसाढसा रडला, आणि रडता रडताच त्याने ठरवलं की हे साळूबाईला दाखवायचं. त्या मुलखात माणसाला मातीच देतात आणि मायेने देतात, हे डोळ्यांनी बघितल्यावर ती कशी नाही म्हणेल?

लालासाहेबाने कपाळाला हात लावला होता. केरबाला भाषा येते म्हणताच त्याने त्याला दुसऱ्या दिवशी पडद्याशेजारी उभा केला आणि लोकांना अर्थ सांगायला लावला. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितला. म्हातारी तोंडभरून बोलायची आणि केरबा म्हणायचा, लाकूड ओलं हाय म्हणतीया. लोक म्हणाले, एवढं बोलली ती आणि अर्थ एवढाच? हा इथंही थापाच मारतोय. त्याला खाली ओढलं. लालासाहेब म्हणाला, तू जा, मी बघतो काय करायचं ते, आठवडाभर तरी सिनेमा ठेवणार आहे. केरबाला तेवढंच हवं होतं.

साळूबाईची समजूत घालण्यात तीन दिवस गेले. ज्या मुलखात कृष्णात गेला तो मुलूख तरी बघा, असं अंजना म्हणाली तेव्हा कुठे ती तयार झाली. चौथ्या दिवशी दोघींना गाडीत घालून केरबा आष्ट्याला आला, तर तंबूपुढे ही गर्दी. बाया तर पोराबाळांसकट आलेल्या. केरबाला वाटलं, लोकांना अखेर कळलं.

आत पडद्याशेजारी टेबलावर एक पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता. तो रहिमतपूरचा हाफिज. मुक्या सिनेमांच्या काळात असाच उभा राहून गोष्ट सांगायचा आणि तंबूच्या तंबू हसवायचा, रडवायचा. बोलपट आले आणि त्याचा आवाज बेकार झाला. पंधरा-सोळा वर्षं तो बांगड्या विकत होता. लालासाहेबाने त्याला शोधून आणला होता. त्याला त्या भाषेचं अक्षरही कळत नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं.

म्हातारी लाकडं फोडू लागली आणि हाफिजच्या तोंडून ती लेकाला हाका मारू लागली. शिपाई दारात आला, तर तो तिच्या लेकाच्या दोस्ताचा दोस्त निघाला. बाया पदर तोंडात धरून ऐकत होत्या. साळूबाई पुढे सरकून बसली होती. केरबाला हे सगळं चुकीचं चाललेलं कळत होतं, पण तो मनाशी म्हणाला, असू दे, खड्डा येऊ दे, तो तर डोळ्यांनीच दिसेल.

खड्डा आला. म्हातारीने शाल घातली, माती लोटली. सगळा तंबू मुसमुसत होता, अंजनाचे खांदे हलत होते. आणि हाफिजने आवाज चढवला. बायांनो, रडू नका, तो म्हणाला. दुश्मन दारात आलाय. ही शहाणी बाई पोराला मातीखाली लपवतीय. त्याच्या नाकापुढं तिनं वाट ठेवलीय, त्याचा श्वास चाललाय. दुश्मन गेला की ती त्याला बाहेर काढील. मग शेवटी वाटेवर लांबून तो टपालवाला दिसू लागला, आणि हाफिज ओरडला, बघा, मातीतून निघून तोच आला, जिता आला. तंबूने टाळ्यांचा कडकडाट केला.

केरबा उठून उभा राहिला. "खोटं हाय हे," तो म्हणाला. "मेलाय त्यो."

मागचे त्याच्यावर खेकसले. पण त्याला बाही धरून खाली बसवलं ते साळूबाईने. "गप बस," ती म्हणाली. "बघू दे मला."

खेळ सुटल्यावर दोघींना गाडीपाशी थांबवून केरबा हाफिजला गाठायला गेला. तावातावाने गेला. हाफिज घसा शेकत चहा पीत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला की पहिल्या खेळाला मी त्याला मेलाच म्हणून सांगितला होता. बाया उठल्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मला ते बघवलं नाही. "तू एकाला एकदा पुरलास, दादा," तो म्हणाला. "मला रोज पुराय लागतंय, आन् समोर घरटी एक पोरगं लढाईवर गेल्यालं. कसा मारू मी त्येला?" केरबा भांडायला गेला होता, तो गाडी जुंपायला परत आला.

परतीच्या वाटेवर साळूबाई जितकी बोलली, तितकी ती चार वर्षांत बोलली नव्हती. म्हातारी किती गुणाची, शेळी कशी आपल्यासारखीच. मग तिने केरबाला विचारलं, "माती लोटलीस आन् तू निघालास. म्हागनं त्येला वर काढला असंल का न्हाई, हे तुला कसं ठावं?"

"मावशी, त्यो गेला हुता. मी नाकापुढं हात धरला हुता."

"बर्फात बधिर झाल्याल्या हाताला श्वास कळतुया व्हय?" तिचा आवाज रागाचा नव्हता, उलट तिने त्याला मोठ्या मनाने माफ केल्यासारखा होता. "तुझी चूक न्हाई रं. तू बी घाबरला हुतास."

सिनेमा म्हणजे नुसती रचलेली गोष्ट असते, असं केरबा कळवळून म्हणाला. सांगणाऱ्याला भाषा येत नाही, मला येते, म्हणाला.

"सगळ्या जगानं पैला नंबर दिलाय त्येला," साळूबाई म्हणाली. "खोट्याला नंबर देत्यात व्हय? तुला कुणी दिला का?"

ज्या पुराव्यासाठी त्याने हिला हातपाय जोडून आणली, तोच आता तिच्या बाजूने उभा राहिला होता. घरी येऊन त्याने आपला उजवा हात नाकापुढे धरून बघितला. त्या दिवशी बोटं खरंच बधिर होती. आपण नीट बघितलं होतं ना, असा प्रश्न त्याच्या मनात आजवर कधी आला नव्हता. आता तो आला आणि जायचं नाव घेईना.

साळूबाईने अंजनाला हिरव्या बांगड्या भरल्या. त्या आठवड्यात तिने केरबाला आणखी तीनदा गाडी जुंपायला लावली, आणि तिन्ही वेळा दोघी तंबूतून डोळे सुजवून बाहेर आल्या, पण साळूबाई हसत. मग लालासाहेबाने तंबू उतरवला आणि मुक्काम रहिमतपूरला हलवला. साळूबाई दुसऱ्याच दिवशी केरबाच्या दारात हजर. रहिमतपूरला आगगाडी जाते, आम्हाला ने, म्हणाली.

या वेळी मात्र केरबाने ठरवलं होतं. पुरे झालं. नाही म्हणायचं आणि पुन्हा एकदा, शेवटचं, कृष्णात मेला असं स्पष्ट सांगायचं. तो बोलायला तोंड उघडणार, तोच साळूबाईच्या मागे उभी असलेली अंजना पुढे आली. सासूला तिने, आत्ती, तुमी म्होरं व्हा, म्हणून वाटेला लावलं. हातातल्या नव्या बांगड्या तिने वर सरकवल्या.

"न्हाई म्हणू नगा, भावजी," ती म्हणाली. "त्येला माती देत्यात तवा सगळ्याच बाया रडत्यात. आत्तींला कळत बी न्हाई मी कुणासाठी रडतीया."

केरबाने तिच्याकडे बघितलं आणि, गाडी सकाळची आहे, उजाडायच्या आत तयार राहा, एवढंच सांगितलं.