साऱ्या बाजाराचा एकच नंबर

दिगू गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मला एका प्रश्नातून ओढून काढावी लागली. मोखाड्याच्या पुढे एका आश्रमशाळेत गणवेश पोचवून मी टेम्पोनं परत येत होते. घाट चढून वर आलो तशी मोबाईलला रेंज आली आणि लगेच तो वाजला. जव्हारच्या बाजारातला किराणावाला प्रदीप. "मंदाताई, दिगूभाऊंचा मोबाईल कुणाकडे असेल हो?" मी म्हटलं, "त्याच्याकडेच असणार. झोपतानाही उशाखाली घेतो तो." "नाही, म्हणजे... माझं जीएसटीचं रिटर्न अडकलंय. आजची शेवटची तारीख आहे." "मग त्याला फोन कर ना, मला कशाला करतोस?" मग प्रदीप म्हणाला, "ताई, दिगूभाऊ गेले ना दुपारी. तुम्हाला कळलं नाही?" मी टेम्पो थांबवायला लावला आणि रस्त्याच्या कडेला बसले. हातातला फोन चालूच होता. त्यातून प्रदीप विचारत होता, "मग वहिनींकडे असेल का मोबाईल?"

दिगंबर माझा मावसभाऊ, माझ्याहून लहान. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं गणवेश शिवायचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून त्याची खोली. खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, गिऱ्हाइकांसाठी बाकडं. जव्हार-मोखाड्यातल्या लहान दुकानदारांची कागदपत्रं तो करायचा. जीएसटी, दुकानाचा परवाना, खाण्याच्या वस्तूंचा परवाना, बँकेचं ऑनलाइन खातं. कुणी भागीदारीत धंदा काढायला निघाला की दिगू आधी विचारायचा, "भांडण झालं तर काय करायचं ते ठरलंय का? नसेल तर ते ठरवून या, मग करारनामा करू." कुणी बिलाचं महागडं सॉफ्टवेअर घ्यायला निघाला तर त्याला हाताला धरून बसवायचा आणि सांगायचा, "तुझ्या दुकानात तीनशे वस्तू, तुला वहीच पुरते." सल्ला सोन्यासारखा. पण एक खोड अशी होती की त्या सोन्याचं पितळ व्हावं. सगळ्यांच्या सगळ्या कागदांवर मोबाईल नंबर तो स्वतःचा टाकायचा.

सुरुवातीला त्यात शहाणपण होतं, ते नाकारून चालणार नाही. आमच्याकडे लोक शर्ट बदलावा तसं सिम बदलतात. स्टँडवर छत्री टाकून कुणी फुकट सिम वाटायला बसला की रांग लागते, आणि जुनं सिम पोराच्या खेळण्यात जातं. पाड्यावरच्या दुकानदाराला तर रेंज मिळायची मारामार. मग तो ओटीपी, म्हणजे खातं उघडताना येणारे ते सहा आकडे, कुणाच्या मोबाईलवर येणार आणि कधी? दिगू म्हणाला, माझा टाका. एकासाठी टाकला, दहांसाठी टाकला, बघता बघता सारा बाजार त्याच्या खिशात गेला. नंतर लोकांकडे चांगले मोबाईल आले, रेंजही बरी झाली, तरी नंबर काही बदलले नाहीत. लोकांना ते सोयीचं होतं, आणि दिगूला ते फार फार आवडायचं. सूर्यमाळला एका लग्नाला गेलो होतो. हा पंगतीतून उष्ट्या हातानं उठला, रेंजसाठी टेकाडावर चढला आणि तिथून कुणाला तरी आकडे सांगत उभा राहिला. खाली आला तेव्हा पंगत उठली होती, पण चेहरा असा की नवरदेव हाच. माझं आणि त्याचं यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि मी माझ्या कागदांवर माझाच नंबर घालून घेतला. त्याला म्हटलं, "लोकांचे नंबर लोकांना देऊन टाक. उद्या तुला काही झालं तर?" तो हसला. "म्हणूनच तर, मंदाताई. निदान आठवण तरी काढतील."

काढली. अशी काढली की देवानं वैऱ्यालाही तशी आठवण देऊ नये.

गेला त्या दिवशी रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. सकाळभर लाईट नव्हती. दुपारी आली तेव्हा बाकडं भरलं होतं. दिगूला घाम फुटला होता, डावा खांदा चोळत होता, गॅस झालाय म्हणत त्यानं सोडा मागवला. हे मला बाबूशेठनं सांगितलं. बाबूशेठ म्हणजे आमचे हार्डवेअरवाले, बाजारातलं वजनदार माणूस. त्यांची गाडी खोलीच्या दारात उभी होती. "मी म्हटलं त्याला," बाबूशेठ डोळे पुसत मला सांगत होते, "भाऊ, माझं तेवढं सबमिट होऊ दे, मग गाडीत घालून तुला नाशिकला नेतो." शेठचं सबमिट झालं. पोचपावती छापून निघाली. मग दिगूनं टेबलावर डोकं ठेवलं ते ठेवलंच. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली आणि कागद लिहून दिला. "शेवटपर्यंत ड्युटी केली हो माणसानं," बाबूशेठ म्हणाले. त्यांना ती स्तुती वाटत होती. माझ्या हातात कात्री असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

मी त्याच्या घरी पोचले तेव्हा दिगूला ओट्यावर ठेवलं होतं आणि त्याच्या खिशातून टुणटुण वाजत होतं. ओटीपी येत होते. तारीख संपत आली होती, आणि आपापल्या दुकानात बसून माणसं बटण दाबत होती. आंघोळ घालायच्या आधी प्रदीपनं खिशातला मोबाईल काढला. त्याला कुलूप होतं, अंगठ्याचं. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं दिगूचा अंगठा धरला आणि त्या काचेवर दाबला. उघडलं नाही. त्यानं अंगठा स्वतःच्या शर्टाला पुसला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, उघडायचं कशाला? मेसेज वरच दिसतोय की." आणि खरंच, बंद मोबाईलच्या काचेवर सहा आकडे दिसत होते. प्रदीपनं ते गाल चोळत वाचले, बाजूला जाऊन दुकानात फोन केला, मग येऊन खांदा दिला. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

दिगूची बायको शैला, पोशेऱ्याची. मायाळू, कष्टाची, बोलणं त्या गावचं. दिगूनं तिला संसारात काही कमी केलं नाही, पण मोबाईलला हात लावू दिला नाही. तिनं विचारलं की म्हणायचा, "तुला काय कळतंय त्यातलं?" सारा बाजार ज्याच्याकडून शिकत होता, त्यानं घरातल्या बाईला कधी शिकवलं नाही. आता ती सुतकात भिंतीला टेकून बसलेली आणि तोच मोबाईल तिच्या मांडीवर. लोक भेटायला यायचे. कुणी पिठलं-भाकरी आणायचं, कुणी वरणभात. चटईवर बसायचे, चुकचुकायचे, देवमाणूस होता म्हणायचे, मग खाकरून, "वहिनी, तेवढा एक ओटीपी येईल बघा." इंग्रजी आकडे तिला चटकन वाचता यायचे नाहीत. सहा आणि नऊ उलटे व्हायचे. फोनवरून आवाज चढायचे. "वहिनी, पटकन! वेळ संपतो त्याची!" एकदा तिनं मला विचारलं, "मंदाताई, मना नीट येत नाय वाचाया. लोकांना राग येतो ना?" नवरा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि ही रोज भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे घोकत होती.

मग दाखल्याचं निघालं. मृत्यूची नोंद मुदतीत करावी लागते, डॉक्टरांचा कागद हातात होता, नगरपरिषद हाकेच्या अंतरावर. पण बाबूशेठ चार जणांना घेऊन आले. "वहिनी, दाखल्याची घाई करू नका. दाखला निघाला की आधार बंद होतं. आधार बंद झालं की सिम बंद. सिम बंद म्हणजे सगळा बाजार बंद. आमचे नंबर बदलून होईपर्यंत थांबा." असा काही नियम आहे की नाही, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. स्टँडवर कुणीतरी बोललं आणि ते कायदा झालं. ज्याला विचारायचं तोच गेला होता ना! मी म्हटलं, "शेठ, अर्ज आणि दुकानाची कागदपत्रं घेऊन पालघरच्या जीएसटी ऑफिसात जा, नंबर बदलून मिळतो. मी केलंय." शेठ म्हणाले, "सणाचा सीझन आहे ताई, एक दिवस दुकान बंद ठेवायचं म्हणजे..." एका दिवसाच्या गल्ल्यासाठी ही माणसं एका मेलेल्या माणसाला जिवंत ठेवायला निघाली होती. मी शैलाला खूप बोलले. ती म्हणाली, "खांदा त्यांनीच दिला ना ताई. रोज भाकरी त्यांच्याच घरून येते. कसं नाय म्हनू?"

आणि थांबणं तिला परवडणारं नव्हतं. मुलगी प्राची नाशिकला नर्सिंग शिकते... शिकत होती. दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. दिगूचं बँकेतलं खातं, त्याची विमा पॉलिसी, सगळ्याला आधी दाखला लागणार. प्राची रोज फोन करायची, "आई, काढलास का?" आणि आई रोज सांगायची, "शेठ सांगतील तेव्हा." मुदत टळली. मग उशिराचे अर्ज, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. एवढं करून दाखला घेऊन बँकेत गेलो तर पुढचं निघालं. साऱ्या बाजाराला "वारसाचं नाव घातलंस का?" म्हणून दरडावणाऱ्या दिगूच्या स्वतःच्या खात्यावर आणि पॉलिसीवर नाव होतं आमच्या मावशीचं, म्हणजे त्याच्या आईचं, जी कधीच वारली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली, पण ते नाव बदलायला दिगूला सवड झाली नाही. मला त्याचा इतका राग आला की बँकेच्या पायरीवर मी मोठ्यानं त्याला शिव्या दिल्या, आणि देता देता रडले. आता वारसाचे कागद होत आहेत, होतील. प्राचीचं वर्ष मात्र गेलं. फीची तारीख कुणासाठी थांबली नाही. हल्ली ती माझ्या दुकानात बसून गणवेशांना बटणं लावते. हात चांगला आहे तिचा. मला ते बघवत नाही.

बाजाराचं काय झालं म्हणाल, तर दाखला निघाल्याचं कळल्यावर दुसऱ्याच दिवशी सगळे एका जीपमध्ये कोंबून पालघरला गेले. अर्ज दिले, कामं मार्गी लागली, संध्याकाळी वडापाव खात परत आले. सीझनमध्ये एक दिवस दुकानं बंद राहिली आणि कुणी उपाशी मेलं नाही. नवीन नंबर कुणाचा दिला विचारलं, तर बाबूशेठच्या भाच्याचा. सगळ्यांनी. "पोरगं हुशार आहे," प्रदीप म्हणाला, "आणि मोबाईल नेहमी चालू असतो त्याचा." मी हात जोडले. आणि दिगूचं सिम? ते आजही चालू आहे. दाखल्यानं काही बंद झालं नाही.

नोंदीच्या दिवसाचं मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण दिगू म्हटलं की आता मला तेच आठवतं. प्राचीच्या कॉलेजातून शेवटचा फोन आला आणि शैला कुणाला न विचारता माझ्या दारात येऊन उभी राहिली. "चला ताई." नगरपरिषदेत तिनं प्रतिज्ञापत्र दिलं, डॉक्टरांचा कागद दिला. कारकून बिचारा भला होता, हळू आवाजात विचारत होता. मृताचं नाव, वय, पत्ता. मग म्हणाला, "मोबाईल नंबर सांगा, त्याच्यावर ओटीपी येईल." शैलाला आयुष्यात एकच नंबर पाठ होता. तो तिनं सांगितला. कारकुनानं टाईप केला, आणि तिच्या पिशवीत टुण वाजलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिनं मोबाईल काढला, लांब धरला आणि सहाच्या सहा आकडे एका दमात वाचले. एकही चुकला नाही. कारकून म्हणाला, "बरोबर. झाली नोंद."

आम्ही पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. बाबूशेठ. "वहिनी, एक ओटीपी पाठवलाय, आला का बघा." तिनं बघितलं. आला होता. तो तिनं सांगितला, सावकाश, एकेक आकडा. मग म्हणाली, "शेठ, प्राचीचे बाबा वारले. आता नोंद करून आले." पलीकडून शेठ नुसते खाकरले. मला वाटलं, माणूस आहे शेवटी, लाजला असेल.

मग बाबूशेठ म्हणाले, "पण माझं सबमिट होईपर्यंत सिम चालेल ना?"