आयनं खरी केलेली वाक्यं

बोईसरच्या आमच्या कारखान्यातून एकाच माणसाला वर्षभरासाठी स्पेनला पाठवणार होते. त्यासाठी स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती, आणि मला काहीही करून जायचंच होतं. दहा वर्षं एकाच पॅकिंग लाइनवर उभी राहून जीव विटला होता.

महिनाभर नवापूरच्या घरात मी मोठमोठ्यानं घोकत होते. दार लावते असं म्हणायचं नाही, ते लावून झालंय असं सांगायचं, हाच धडा होता. 'ला प्वेर्ता एस्ता सेर्रादा', दार लावलेलं आहे. पाठोपाठ मराठी अर्थही म्हणत होते, त्यामुळे माझ्या आयलाही सगळं पाठ झालं. दार सताड उघडं बघून ती चिडायची. भाऊ होडी घेऊन दर्यावर असताना घरात खोटं बोलायचं नाही, हा तिचा नियम.

"पोरगा पान्यात हाय, आनि तू खोटं बोलतेस?"

परीक्षा मोबाइलवर होती, आणि भाऊ नेमका पहाटेच गेलेला. परीक्षक बाई म्हणाल्या, घरात काय काय झालंय ते सांगा. मी दारापासून सुरुवात केली. आय उठली, दार लावून आली. मासळीला मीठ लावलेलं आहे, म्हटलं. तिनं दुपारच्या कालवणाची ताजी मासळी घेतली आणि मूठभर मीठ चोळलं.

मग मात्र माझ्या अंगात आलं. भांडी घासलेली आहेत, म्हटलं. मोरीतून आदळआपट ऐकू आली. कपड्यांच्या घड्या घातलेल्या आहेत, म्हटलं. आठवड्याचा ढीग होता. आय माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत घड्या घालत बसली. एरवी सांगून कोण ऐकतंय माझं?

बाई खूश झाल्या. पास झालात, म्हणाल्या, आणि कधी निघू शकाल असं विचारलं.

"तेंगो ला मालेता एचा," मी ऐटीत म्हटलं. माझी बॅग भरलेली आहे.

बॅग माळ्यावर रिकामी पडली होती. फोन ठेवून मी आयकडे बघितलं. ती जागची हलली नाही. हातात माझाच ड्रेस होता, अर्धी घडी घातलेला.

"तेवडं तुजं तूच खरं कर," ती म्हणाली, आणि मगाशी लावलेलं दार उघडून बाहेर वाळत घातलेले बोंबील बघायला गेली.